गिऱ्हाइकाची वीस मिनिटं

रेडिओने कापड झटकलं, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधलं आणि दोन बोटं आत घालून पाहिली.

"घट्ट नाही ना होत?"

गिऱ्हाईक काही बोललं नाही. लहान मुलांच्या उंच लाकडी खुर्चीत पाठ टेकून, पुढचे दोन्ही पाय आडव्या दांडीवर ठेवून ते ताठ बसलं होतं आणि आरशात स्वतःकडे बघत होतं. बाकावर पेपर घेऊन बसलेल्या नव्या माणसाने एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा दारावरच्या पाटीकडे, आणि जरा बिचकतच विचारलं, "इथे माणसांचे केस कापतात ना?"

"माणसांचेच. हे जेवायला आलंय," रेडिओ म्हणाला आणि वाटीतला मऊ गोळा चमच्यावर घेऊन त्याने कुत्र्याच्या तोंडाशी धरला.

नव्या माणसाने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, पण पुढचा सगळा वेळ त्याने पान काही उलटलं नाही.

रेडिओ हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना आरशामागे कुठेतरी सरकला होता. रेडिओ हे नाव गल्लीने ठेवलं, कारण हा माणूस एकदा लागला की बंद करायचं बटण कोणाला सापडत नसे. तीस वर्षं तो दोन मोठ्या खुर्च्या आणि एक उंच खुर्ची एवढ्या संसारावर सलून चालवत होता. उंच खुर्ची वडिलांच्या हातची. तिच्यात रडत बसलेली मुलं आता मोठ्या खुर्चीत येऊन टक्कल कसं झाकायचं ते विचारत होती.

दुकानाच्या काचेवर त्याने लाल रंगात रंगवून घेतलं होतं: दाढी दहा मिनिटं, कटिंग वीस मिनिटं. याचा त्याला फार अभिमान होता. आणि आजवर कोणीही त्याला हरकत घेतली नव्हती, कारण त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वेळ कळत नसे. आधी कोणाचं लग्न मोडलं ते निघायचं, मग ते का मोडलं, मग ज्याने मोडलं त्याचा चुलता कसा होता, आणि चुलत्याची गोष्ट संपेपर्यंत मानेवरून ब्रश फिरलेला असायचा. घड्याळाकडे रेडिओ स्वतः तर कधीच बघत नसे. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं त्याला दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने सांगितलं. त्याने ते दुरुस्त करून आणलं आणि पुन्हा पाठीमागच्या भिंतीवर लावलं.

कुत्रं त्याला मागच्या बोळात सापडलं होतं. कापलेल्या केसांची पाटी रिकामी करायला गेला तर हे तिथे उभं, तपकिरी रंगाचं, मध्यम उंचीचं, बरगड्या बाहेरून मोजता येतील असं. त्याने त्याला दोन बिस्किटं टाकली. कुत्र्याने ती गिळली आणि थोड्या वेळाने जशीच्या तशी परत खाली टाकली. मग तीच पुन्हा खाल्ली. ती पुन्हा बाहेर आली.

दुसरा कोणी असता तर नाकाला रुमाल लावून आत गेला असता. रेडिओला मात्र दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची जन्मजात खोड होती, आणि ती माणसांपुरतीच होती असं नाही. आठ दिवस तो रोज मागच्या पायरीवर बसून बघत राहिला. कधी पाव देऊन बघितला, कधी पाणी, कधी अंडं. आणि दुकानात जो येईल त्याला तो विचारू लागला. दुकानात आलेला प्रत्येक माणूस डॉक्टर निघाला. कोणी म्हणालं जंत, कोणी म्हणालं विषबाधा. निवृत्त पोस्टमन, म्हणजे डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नसतानाही दर पंधरा दिवसांनी नेमाने येणारा त्याचा जुना दोस्त, म्हणाला, "अरे, कुत्रं ओकतं. त्यात काय एवढं? सगळीच ओकतात."

"हे ओकत नाहीये," रेडिओ म्हणाला. "ओकणारं कुत्रं पाठ वाकवतं, पोट आत ओढतं, आवाज काढतं. हे नुसती मान खाली घालतं आणि अन्न खाली पडतं. जोरच लावत नाही. मला सांग, पोटात गेलेलं अन्न जोर न लावता बाहेर कसं येईल?"

पोस्टमनला हे सांगता आलं नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आलं. त्यांनी आधी विचारलं, "जोर लावत नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच बघितलं. आठ दिवस."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्यांनी कुत्र्याला पांढरं औषध पाजून फोटो काढला आणि तो उजेडावर धरून रेडिओला दाखवला.

"हे बघा, अन्न पोटात पोचतच नाहीये. तोंडापासून पोटापर्यंत जी नळी असते ना, ती अन्न खाली ढकलत नेते. याची सैल पडलीय, पिशवीसारखी झालीय. सगळं तिथेच साचतं आणि मान खाली गेली की बाहेर."

"मग तर हे उपाशीच आहे. खाऊनही उपाशी."

"उपाशी तर आहेच. पण अन्न बाहेर पडलं तर बरं म्हणायचं. चुकून छातीत गेलं तर न्यूमोनिया."

"औषध काय?"

"औषध फारसं नाही. अन्न आपल्या वजनाने खाली उतरेल असं बसवायचं. माणसासारखं, ताठ. खाताना तसंच आणि खाऊन झाल्यावरही वीसेक मिनिटं तरी. एकेका कुत्र्याचं वेगळं असतं. दिवसातून तीन वेळा, रोज, ते जगेल तोवर. म्हणून तर अशा कुत्र्यांना कोणी घरी नेत नाही." त्यांनी फोटो खाली ठेवला. "आणि कुत्र्याला इतका वेळ ताठ बसवणार कसं, हा प्रश्न आहेच."

"खुर्ची आहे माझ्याकडे," रेडिओ म्हणाला. "आणि वीस मिनिटं म्हणजे एक कटिंग. त्याची काळजी नको."

पहिल्या दिवशी कुत्र्याने खुर्चीतून उडी मारायचा प्रयत्न केला. मग रेडिओने तेच केलं जे तो तीस वर्षं चुळबुळ्या मुलांच्या बाबतीत करत आला होता. कापड झटकून गळ्याशी बांधलं, मागे उभा राहिला, एक हात खांद्यावर ठेवला आणि बोलायला लागला. कुत्र्याने कान मागे वळवले आणि ते गप्प बसलं. चुलत्याची गोष्ट त्याला पूर्ण ऐकायची होती असं दिसलं. त्या दिवशी अन्न बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रेडिओने त्याचं नाव गिऱ्हाईक ठेवलं.

तीन महिन्यांत गिऱ्हाइकाचं वजन नऊ किलोंचं चौदा झालं. गल्लीतली माणसं काही काम नसताना ते जेवताना बघायला येऊ लागली. डॉक्टरीणबाई वजनावर खूश झाल्या, पण छातीला नळी लावून ऐकताना त्यांचा चेहरा उतरला.

"दुकानात हवेत काय काय असतं?"

"काय असणार? केस, पावडर, थोडा फवारा."

"आणि हे रात्रंदिवस तिथेच. याची छाती आधीच अधू आहे हो. दुकानात ठेवलंत तर अन्नाने नाही, त्या पावडरीने जाईल. घरी न्या."

घरी नेणं शक्य नव्हतं. बायकोला दमा होता. एकदा नेऊन पाहिलं होतं. बायकोने गिऱ्हाइकाला मांडीवर घेतलं, त्याचे कान कुरवाळले आणि पुढचे दोन दिवस औषधाचा पंप हातात घेऊन खिडकीशी बसून काढले. "मला हवंय हो ते," ती म्हणाली होती, "माझ्या छातीला नकोय. काय करू?"

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच एक घर शोधलं. निवृत्त हेडनर्स, एकट्या राहणाऱ्या, अंगण असलेलं छोटं घर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सिस्टरांनी दुकानात आल्या आल्या पाटी वाचली, खुर्ची हलवून पाहिली, वाटीचा वास घेतला. उंच, सडसडीत, पांढरे केस आखूड कापलेल्या. कोणी कापले असतील ते केस, हा विचार रेडिओच्या मनात आलाच.

"सवयी काय, जेवण काय, किती वेळा, किती वेळ, सगळं सांगा," सिस्टर म्हणाल्या.

रेडिओ सुरू झाला. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला. "तोंडी नको. लिहून द्या."

रेडिओने शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं. जीभ दातांत धरून त्याने लिहिलं: तीन वेळा. मऊ गोळे, लिंबाएवढे. कापड बांधणे. जेवणानंतर ताठ, वीस मिनिटं. सिस्टरांनी कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "पेशंट चावत नाही ना?"

"गिऱ्हाईक," रेडिओ म्हणाला. "नाही चावत."

उंच खुर्चीही त्यांच्याबरोबर गेली. टेम्पो वळेपर्यंत रेडिओ दारात उभा होता. त्या दिवशी त्याने तीन जणांच्या दाढ्या केल्या आणि तिघांनाही गिऱ्हाइकाचीच गोष्ट सांगितली. तिसरी त्याने अर्धवट सोडली. मग त्याने पाणी पिण्याचं निमित्त केलं.

तीन आठवड्यांनी सिस्टरांचा फोन आला. "जरा येऊन जाल का?" एवढंच म्हणाल्या.

सोमवारी दुकानाला सुटी असते. रेडिओ दोन बस बदलून गेला. गिऱ्हाईक अंगणातून धावत आलं आणि त्याच्या पायांवर उभं राहिलं. रेडिओने त्याला उचलून घेतलं. बरगड्या पुन्हा हाताला लागत होत्या.

"अकरा किलो," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांकडे दोनदा नेऊन आणलं. छातीत कफ आहे, त्याचं औषध चालू आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी जसं चाललं होतं तसंच ठेवा, तिथे वजन वाढत होतं. तसंच ठेवलंय मी. आता तुम्ही बघा आणि माझं काय चुकतंय ते सांगा."

रेडिओने डोळ्यांत तेल घालून बघितलं. घर कसं, तर जमिनीवर वाटी ठेवून जेवावं इतकं स्वच्छ. गोळे लिंबाएवढे, एकसारखे, त्याने आयुष्यात केले नसते इतके मऊ. खुर्चीला त्यांनी पाठीमागे उशी शिवली होती. खिडकीचा पडदा ओढलेला, कारण पेशंटला शांतता लागते. कापड बांधलं, भरवलं आणि मग सिस्टर शेजारच्या स्टुलावर मनगट समोर धरून बसल्या. घरात फक्त घड्याळाची टिकटिक. वीस मिनिटं झाली, त्यांनी कापड सोडलं, कुत्र्याला अलगद खाली ठेवलं. काहीही चुकलं नव्हतं. फक्त रेडिओला उगाच वाटलं, की सगळं फार लवकर आटपलं.

अर्ध्या तासाने गिऱ्हाइकाने मान खाली घातली आणि निम्मं जेवण फरशीवर पडलं.

सिस्टर उठल्या, फडकं आणलं, पुसलं, हात धुतले आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "सदतीस वर्षं नोकरी केली. माझ्या हातून एकाही पेशंटला चुकीचं औषध गेलं नाही. आता वाटायला लागलंय, हातच गेले माझे. पुढच्या सोमवारी घेऊन जा याला. माझ्याकडे राहिला तर मरेल, आणि मला ते बघवणार नाही."

परतीच्या बसमध्ये रेडिओला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतंही, पण त्याच्याखाली एक आनंद उकळत होता आणि तो काही केल्या दाबता येईना. गिऱ्हाईक परत येणार होतं. पावडरीचं बघू. आपण कमी पावडर वापरू.

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं, अगदी उशीच्या टाक्यांपर्यंत. "सगळं माझ्यासारखंच करतात गं. माझ्यापेक्षा चांगलं करतात. वीस मिनिटं म्हणजे मोजून वीस मिनिटं, घड्याळ लावून. तरी राहत नाही."

बायकोचा घास हातातच राहिला. "मोजून वीस?"

"हो. का?"

"अहो, वीस मिनिटांत येतो म्हणून फोन करता, तुम्ही आजवर कधी वीस मिनिटांत आलायत? लग्नापासून तुमच्या वीस मिनिटांत माझा स्वयंपाक होऊन, गार होऊन, परत गरम होतो."

ती सहज बोलली आणि हसली. रेडिओ हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. त्याची तारीख नव्हती, पण तो आला की कापायचे ही रीत होती. रेडिओने आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि कात्री उचलली. मग नेहमीसारखं बोलणं सुरू झालं आणि घड्याळ डोक्यातून गेलं. मानेवरून ब्रश फिरवल्यावर ते आठवलं. एकेचाळीस मिनिटं झाली होती, आणि तीही जवळजवळ टक्कल असलेल्या माणसाला.

"तुला माहीत होतं?" त्याने पोस्टमनला विचारलं. "वीस मिनिटं होत नाहीत ते?"

"सगळ्यांना माहीत आहे," पोस्टमन खिशातला कंगवा काढत म्हणाला. "वीसच पाहिजे असतील तर लोक पलीकडच्या दुकानात जातात."

म्हणजे सिस्टरांचे हात गेले नव्हते. त्यांनी कागदावर लिहिलेलं तंतोतंत पाळलं होतं. कागदच खोटा होता, आणि तो रेडिओच्या अक्षरात होता. गिऱ्हाइकाला चाळीस मिनिटं लागत होती. दुकानात ती त्याला आपोआप मिळत होती, आणि ज्या घरात सगळं नियमाने चालतं तिथे मिळत नव्हती.

हे कळल्यावर खरं तर लगेच फोन उचलायला हवा होता. रेडिओने तो उचलला नाही. सोमवारपर्यंत गप्प बसलं की गिऱ्हाईक परत दुकानात येत होतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं हे त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, ते आता जमत होतं. त्या दिवशी त्याने सहा जणांचे केस कापले आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. एकाने विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. संध्याकाळी झाडू मारताना केसांचा आणि पावडरीचा लोट उठला, दाराच्या उन्हात तरंगत राहिला आणि बराच वेळ खाली बसेना. तो झाडू धरून त्याकडे बघत उभा राहिला. मग त्याला फडकं पिळणाऱ्या सिस्टर आठवल्या, पाठमोऱ्या. स्वतःची त्याला लाज वाटली.

सोमवारची वाट न बघता बुधवारी दुकान बंद ठेवून तो गेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही. मी वीस लिहिलं, ते चूक आहे. चाळीस पाहिजेत."

"चाळीस?"

"मी घड्याळ कधी बघितलंच नाही. वीस हे मी आपलं सगळ्यांना सांगत आलो. काचेवर रंगवलंय म्हणून तेच खरं धरून चाललो."

सिस्टरांचा आवाज वॉर्डातला झाला. "पेशंटच्या कागदावर तुम्ही अंदाजाने आकडा लिहिलात. तीन किलो वजन गेलं त्याचं. आणि तीन आठवडे मी रात्री उठून माझे हात बघत होते, थरथरतात का म्हणून."

"हो," रेडिओ म्हणाला.

"बसा," त्या म्हणाल्या. "जेवायची वेळ झालीय त्याची. आज तुम्ही भरवा, मी घड्याळ लावते. नेहमी करता तसंच करायचं."

कोणी घड्याळ घेऊन शेजारी बसलं की नेहमीसारखं बोलणं किती अवघड असतं ते रेडिओला त्या दिवशी कळलं. पहिली पाच मिनिटं तो अडखळत होता. मग पोस्टमनच्या मेव्हण्याची गोष्ट निघाली आणि गाडी रुळाला लागली. गोष्ट संपली, त्याने कापड सोडलं. सिस्टर म्हणाल्या, "अडतीस." दोघं अंगणात जाऊन बसले आणि कुत्र्याकडे बघत राहिले. अर्धा तास गेला, मग तास. फरशी कोरडी राहिली. सिस्टरांनी डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला.

आता प्रश्न दुसराच निघाला. चाळीस मिनिटं मोजणं सिस्टरांना जड नव्हतं, पण संध्याकाळी त्यांनी स्वतः बसवून पाहिलं तर पंचवीस मिनिटांनंतर गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं. त्याला बोलणं हवं होतं.

"मला येत नाही ते," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात बोलायचे, पण ते कामाचं. घरी आल्यावर बोलायला कोणी नव्हतंच. याच्याशी काय बोलू?"

"आमच्या धंद्यात एक आहे," रेडिओ म्हणाला. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "खुर्चीत बसलेल्याबद्दल बोलायचं नाही, त्याला राग येतो. आपल्याबद्दल बोलायचं नाही, त्याला कंटाळा येतो. जो तिथे हजर नाही त्याच्याबद्दल बोलायचं. मग वेळ कुठे जातो ते कळत नाही."

सिस्टरांनी हे औषधाचा डोस ऐकावा तसं ऐकून घेतलं. "लिहून देऊ का?" रेडिओने विचारलं.

"तुम्ही नका लिहू आता काही," सिस्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

त्यानंतर दर सोमवारी रेडिओ दुपारी तिकडे जाऊ लागला. सिस्टरांनी एक अट घातली होती. कुत्र्याचं जेवण आटपल्यावरच यायचं, कारण तो दिसला की ते खुर्चीत उभं राहायला बघतं. रेडिओ अट पाळायचा. गिऱ्हाईक धावत यायचं, तासभर त्याच्या पायाशी लोळायचं, सिस्टर चहा करायच्या. वजन तेरापर्यंत आलं आणि मग दोन-तीन आठवडे तेरावरच अडलं. का अडलं ते कळेना. सिस्टर म्हणायच्या, वाढेल हळूहळू, आणि कपबश्या उचलून आत जायच्या.

एका सोमवारी बस लवकर मिळाली. रेडिओ फाटकातून आत आला तेव्हा भरवून झालं होतं, पण गिऱ्हाईक अजून खुर्चीतच ताठ बसलेलं होतं. पडदा आता ओढलेला नसायचा. खिडकीतून त्याला उंच खुर्चीची पाठ दिसली, गळ्याशी मारलेली कापडाची गाठ आणि सिस्टरांच्या बाजूला वळलेला एक कान. तो भिंतीला टेकून उभा राहिला. आतून आवाज येत होता, सावकाश, मध्ये मध्ये थांबणारा.

"...वाचाळ माणूस आहे. पहिल्या दिवशी मी त्याला हात दाखवून थांबवलं, आठवतं ना तुला? पण मला येऊन खरं सांगितलं त्याने. गप्प राहिला असता तरी तुला घेऊन गेलाच असता. मला कधी कळलंही नसतं. माझेच हात गेले असं धरून बसले असते मरेपर्यंत."

रेडिओला कोणी आपली स्तुती केल्याचं आठवत नव्हतं, आणि अशी चोरून ऐकलेली तर नाहीच. त्याने पाय हलवला, मग पुन्हा स्थिर उभा राहिला, कारण सिस्टर पुढे बोलत होत्या.

"आणि मला बघ, तेवढंही जमत नाही. तो गेला की तू फाटकाशी जाऊन बसतोस. हाक मारली तरी येत नाहीस. संध्याकाळचं जेवण दर सोमवारी बाहेर येतं तुझं, आणि मंगळवारी तू निम्मंच खातोस. त्याला कसं सांगू रे? दोन बस बदलून येतो तो. तू एवढा वाचलास ते त्याच्यामुळे. कोणत्या तोंडाने सांगू, येऊ नका म्हणून?"

खुर्चीवरचा कान हलला आणि पुन्हा सिस्टरांकडे वळला.

रेडिओ भिंतीला टेकून उभाच होता. त्याने मनगट वर केलं. स्वतःची चूक समजल्यापासून तो घड्याळ वापरू लागला होता. रोजच्या वेळेच्या हिशोबाने चाळिसातली अजून सव्वीस मिनिटं बाकी होती. आत्ता पायांचा आवाज झाला असता तर गिऱ्हाइकाने उठायची धडपड केली असती. त्याने चपला काढून हातात घेतल्या, अनवाणी अंगण ओलांडलं आणि फाटकाची कडी वाजू नये म्हणून ती बोटांवर झेलत सावकाश लावली.

संध्याकाळी त्याने फोन केला. "आज जमलं नाही यायला, सिस्टर. आणि असं आहे, की आता सोमवारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलंय. लोक फार मागे लागलेत. त्यामुळे पुढेही जमेलसं वाटत नाही."

मग सिस्टर म्हणाल्या, "आज संध्याकाळचं जेवण राहिलं त्याच्या पोटात. सगळं."

"छान झालं," रेडिओ म्हणाला.

पुढच्या सोमवारी त्याने खरंच दुकान उघडलं, कारण तसं सांगितलं होतं. गल्लीला ते माहीत नव्हतं, त्यामुळे दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. त्याने कात्र्यांना धार लावली, बाटल्या पुसल्या, आरसा पुसला. दीड वाजला, गिऱ्हाइकाच्या दुपारच्या जेवणाची वेळ झाली, तेव्हा मोठ्या खुर्चीवरचं स्वच्छ कापड त्याने उचललं, दारात जाऊन जोरात झटकलं, आणि घडी घालून परत ठेवून दिलं.